जलसेतूंची नोंद कोण ठेवणार?

विद्यार्थी मित्रांनो, पुलाखालून पाणी वाहते आणि पुलावरून माणसे, बैलगाड्या, मोटारी जातात, हे आपण रोज पाहतो. पण ज्याच्या खालूनही पाणी वाहते आणि वरूनही पाणीच वाहते, असा पूल तुम्ही कधी पाहिला आहे काय? पाहिला नसेल, तर तो तुमच्या गावाजवळ नसेलच असे समजू नका. बहुधा तुम्ही त्याच्यावरून शाळेत जात असाल आणि तो पूल आहे हे तुमच्या ध्यानातही आले नसेल.

गडचिरोली जिल्ह्यातील चामोर्शी तालुक्याचेच उदाहरण घेऊ. या तालुक्यात रेगडी गावाजवळ दिना नदीवर मातीचे धरण आहे. त्याच्या जलाशयाला महाराष्ट्राचे मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार यांचे नाव दिलेले आहे. अशा धरणातून निघालेले पाणी ज्या वाटेने धानाच्या बांध्यांपर्यंत पोहोचते, तिला पुस्तकात कालवा म्हणतात; आमच्याकडे तिला नहर म्हणतात. या नहरेच्या काठाने दोन-चार किलोमीटर चालून पाहा. कोठे ना कोठे एखादा नाला तिला आडवा येतोच. आता पंचाईत अशी, की नाल्याला जायचे आहे नदीकडे आणि नहरेला जायचे आहे शेताकडे. दोघांची गाठ पडली, तर वाट कोणी कोणाला द्यावी?

याचे उत्तर समजण्यासाठी नहरेचा उतार समजून घेतला पाहिजे. नहर ही फार काटकसरी असते. पाच हजार मीटर अंतरात एक मीटर, म्हणजे एका किलोमीटरला अवघे वीस सेंटिमीटर, इतक्या थोड्या उतारावर ती चालू शकते. जमीन झपाट्याने खाली जाते, नहर मात्र सावकाश उतरते. त्यामुळेच ती आजूबाजूच्या शेतांपेक्षा उंच राहते आणि तिचे पाणी आपोआप शेतात उतरते. ही उंची हेच नहरेचे धन. नाल्याच्या तळाशी उतरली, तर तिने कमावलेली सारी उंची एका क्षणात वाया जाईल.

म्हणून अभियंत्यापुढे तीन मार्ग असतात. नाला नहरेपेक्षा उंचावर असला, तर नाल्यालाच पन्हळीत घालून नहरेवरून पलीकडे न्यावयाचे. दोघांची पातळी जवळजवळ सारखी असली, तर एकाला बंद नळातून दुसऱ्याच्या पोटाखालून काढावयाचे. त्याला सायफन म्हणतात. आणि नाला पुरेसा खोल असला, तर कमानी किंवा खांब उभारून त्यांच्यावरून नहर न्यावयाची. या शेवटच्या बांधकामालाच जलसेतू म्हणतात. तिन्ही युक्ती कामाच्या आहेत. परंतु जलसेतू उघडा असतो, डोळ्यांना दिसतो आणि त्याच्याजवळ उभे राहून विद्यार्थ्याला अर्धे स्थापत्यशास्त्र शिकता येते.

माझे म्हणणे असे आहे की, हे जुने जलसेतू आपण मोजून, रेखाटून, कागदावर उतरवून ठेवले पाहिजेत. आणि हे काम शाळांनी अंगावर घेतले पाहिजे. का, ते आता सांगतो.

चामोर्शीपासून जवळच वैनगंगेच्या तीरावर मार्कंडा येथे प्राचीन देवळांचा समूह आहे. इंग्रज पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८७३-७४ च्या सुमारास ही देवळे पाहिली, त्यांची मापे घेतली आणि वर्णन छापून प्रसिद्ध केले. आज ती संरक्षित स्मारके आहेत. देवळे जपली पाहिजेत याविषयी कोणाचे दुमत नाही. परंतु त्याच नदीच्या खोऱ्यात माणसाने पाण्यासाठी जी बांधकामे केली, त्यांच्याकडे पाहण्यास कोणी कनिंगहॅम आला नाही. नहरेवरचा पूल कामाचा असतो. जी वस्तू रोज कामाला येते, तिच्याकडे आपण निरखून पाहत नाही. आणि ती मोडली म्हणजे दुसरी बसवतो. अशा रीतीने, रोज उपयोगी पडणाऱ्या वस्तूंचा इतिहासच सर्वांत आधी पुसला जातो.

आता थोडा वैनगंगेबरोबर प्रवास करू. चामोर्शी तालुक्याच्या टोकाला चपराळ्याजवळ वर्धा नदी तिला मिळते. तेथून पुढे तिचे नाव प्राणहिता. सिरोंच्याजवळ प्राणहिता गोदावरीला मिळते आणि आपल्या चामोर्शीच्या शिवारातले पावसाचे पाणी आंध्र प्रदेशातील धवळेश्वरमला पोहोचते. तेथे आर्थर कॉटन या अभियंत्याने १८४७ ते १८५२ या काळात नदीवर मोठा बांध घातला आणि कालव्यांनी गोदावरीचा त्रिभुज प्रदेश भिजवला. या त्रिभुज प्रदेशात गोदावरीचे अनेक फाटे फुटतात. त्यांपैकी वैनतेय नावाचा फाटा ओलांडून पलीकडच्या बेटावर पाणी न्यावयाचे होते. त्यासाठी गन्नावरम येथे १८५२ च्या सुमारास एक जलसेतू उभारला गेला. त्याला प्रत्येकी ४० फुटांच्या ४९ कमानी होत्या. तुम्हीच गुणाकार करा : नुसत्या गाळ्यांचीच लांबी १९६० फूट, म्हणजे सुमारे ६०० मीटर होते!

गंमत पाहा. कमानींखालून वाहत होती ती गोदावरी आणि कमानींवरून वाहत होती तीही गोदावरीच. आपल्या वैनगंगेचे पाणीही त्या दोन्ही वाटांनी गेले असणार.

हा जलसेतू उभारणारा अभियंता एफ. टी. हेग. पुढे हेच हेग आपल्या भागात आले. वर्धा खोऱ्यातील कापूस बोटींतून थेट समुद्रापर्यंत नेता यावा, म्हणून गोदावरी आणि प्राणहिता जलवाहतुकीसाठी खुल्या करण्याची मोठी योजना त्या काळी निघाली होती. वाटेत खडकांचे तीन मोठे अडथळे होते. पहिला दुम्मुगुडेमजवळ, दुसरा सिरोंच्याच्या बाजूस इंचमपल्लीजवळ आणि तिसरा प्राणहितेवर देवलमरीजवळ. हे देवलमरी आज आपल्याच गडचिरोली जिल्ह्यात, अहेरी तालुक्यात आहे. खडक टाळून बोटी नेण्यासाठी बांध आणि कालवे यांची कामे हाती घेतली गेली. पण खर्च वाढत गेला, १८६७ मध्ये आगगाडी नागपूरला येऊन पोहोचली आणि १८७१ मध्ये ही योजना सोडून देण्यात आली.

देवलमरीजवळ एकेकाळी एवढे मोठे जलकार्य योजले गेले होते, हे आपल्या जिल्ह्यातील किती विद्यार्थ्यांना ठाऊक आहे? त्यात विद्यार्थ्यांचा दोष नाही. हा इतिहास इंग्रजी अहवालांत राहिला आणि नदीकाठच्या गावात उतरला नाही. एखादी गोष्ट नुसती कोठेतरी लिहून ठेवून भागत नाही. जेथे ती घडली तेथल्या माणसांच्या हाती ती नोंद असावी लागते.

याच्या उलट उदाहरण उत्तर भारतातले आहे. रुडकीजवळ गंगेच्या कालव्याने सोलानी नदी ओलांडली आहे. प्रोबी कॉटली यांनी बांधलेल्या या जलसेतूला प्रत्येकी ५० फुटांचे १५ गाळे आहेत. १८५४ मध्ये कालव्यात पाणी सोडले गेले. त्याच्या बांधकामासाठी माती वाहून नेण्याकरिता १८५१ मध्ये तेथे वाफेचे इंजिन चालले होते, म्हणजे मुंबई-ठाणे आगगाडीच्याही आधी! या सर्व गोष्टी आज आपण इतक्या ठामपणे सांगू शकतो, याचे कारण कॉटली यांनी १८६० मध्ये कामाचा सविस्तर अहवाल आणि त्याबरोबर आराखड्यांचा मोठा संग्रह प्रसिद्ध केला. कोणता खांब किती खोल घातला, कोणत्या कमानीत काय अडचण आली, हे आजच्या अभियंत्याला वाचता येते. दुरुस्ती करताना त्याला अंधारात चाचपडावे लागत नाही.

आता कोणी म्हणेल, “सोलानी आणि गन्नावरम ही मोठी कामे. आमच्या नहरेवरच्या दोन गाळ्यांच्या पुलात नोंद घेण्यासारखे काय आहे?” या प्रश्नाचे उत्तर आपल्याच मातीत आहे.

चंद्रपूर-गडचिरोली हा तलावांचा मुलूख. गोंड राजांच्या काळात जो कोणी जंगल साफ करून तलाव बांधील, त्याला जमीन देण्याची चाल होती. अशा देणगीला तुकूम म्हणत. आज आपल्याकडे तुकूम नावाच्या वस्त्या आहेत. पण त्या नावाचा अर्थ तलावाशी जोडलेला आहे, हे तेथे राहणाऱ्या कितीजणांना माहीत असते? पुढे मालगुजारीच्या काळात गावोगाव तलाव आणि बोड्या राहिल्या. १९५१ मध्ये मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे आले. पूर्व विदर्भात अशा माजी मालगुजारी तलावांची संख्या सहा हजारांहून अधिक आहे. पाळ, पाणी सोडण्याचे तुडूम, जादा पाणी वाहून जाण्याची सलंग आणि पाणी नेणारे पाट, अशी त्यांची रचना असे. ती ज्यांनी घडविली, त्यांतील बहुतेकांची नावे आज आपल्याला ठाऊक नाहीत. त्यांची मापेही त्यांच्याबरोबरच गेली.

१८९६-९७ आणि १८९९-१९०० या सालांत मोठे दुष्काळ पडले. त्यानंतर १९०१ ते १९०३ या काळात सर कॉलिन स्कॉट-मॉनक्रीफ यांच्या अध्यक्षतेखाली सिंचन आयोग बसला आणि मध्य प्रांतातील धानाच्या पट्ट्यात सरकारी तलाव व कालवे बांधण्यास चालना मिळाली. वैनगंगेच्या पलीकडे, चंद्रपूर जिल्ह्यात सावलीच्या परिसरात असलेला असोलामेंढा तलाव त्याच काळातला. तो १९१८ च्या सुमारास पूर्ण झाला, म्हणजे त्याने आपली शंभरी ओलांडली आहे. नागभीडकडचा घोडाझरी तलावही याच पिढीतला. या तलावांच्या नहरांनी शंभर वर्षे धान पिकवले. आता असोलामेंढा गोसीखुर्द प्रकल्पाशी जोडला गेला असून त्याच्या नूतनीकरणाचे काम हाती घेण्यात आले आहे. नूतनीकरण झालेच पाहिजे. अधिक शेतांना पाणी मिळाले पाहिजे. परंतु जेथे नहर रुंद होते, तिला अस्तर लावले जाते किंवा उघड्या पाटाऐवजी जमिनीखालून नळ घातले जातात, तेथे जुन्या मोऱ्या आणि जलसेतू सर्वांत आधी पाडले जातात. पाडण्याआधी कोणी त्यांचे एक छायाचित्र घेतले, चार मापे घेतली, तर बिघडेल काय?

नोंद नसली तर काय होते, याचा एक अनुभव सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी वैनगंगेच्या पट्ट्यातील एका गावात मी काही काळ शिकवीत होतो. शाळेच्या वाटेवर पाटाने एक नाला ओलांडला होता. विटांच्या तीन कमानी, वर चुन्याचा गिलावा केलेली पन्हळ. मुले दुपारी तिच्या कठड्यावर बसून डबा खात. पन्हळ गळत होती, म्हणून एका उन्हाळ्यात ती पाडून तेथे सिमेंटचा नळ टाकण्यात आला. काम चांगल्या हेतूनेच झाले होते. पण त्या वर्षी रोवणीच्या वेळी पाटाच्या शेवटच्या टोकाला असलेले शेतकरी म्हणू लागले, “आमचे पाणी कमी झाले.” काम करणारे म्हणाले, “नळ पुरेसा मोठा आहे.” वाद वाढला. तेव्हा एका वृद्ध शेतकऱ्याने मला विचारले, “गुरुजी, तुम्ही रोज त्या पुलावरून जात होता. सांगा बरं, पन्हळ किती रुंद होती?”

मला सांगता आले नाही. मुलांना मी क्षेत्रफळ शिकवीत होतो, घनफळ शिकवीत होतो, आणि डोळ्यांसमोरची पन्हळ मी एकदाही मोजली नव्हती. ती चुटपूट अजून गेलेली नाही.

ही गोष्ट गणिताने समजून घ्या. समजा, पन्हळ १.२ मीटर रुंद होती आणि तिच्यातून ०.६ मीटर खोल पाणी वाहत होते. पाण्याच्या छेदाचे क्षेत्रफळ झाले ०.७२ चौरस मीटर. आता ६० सेंटिमीटर व्यासाच्या नळाचे क्षेत्रफळ काढा. त्रिज्या ०.३ मीटर; ३.१४ गुणिले ०.०९, म्हणजे सुमारे ०.२८ चौरस मीटर. पाण्याची खोली ६० सेंटिमीटर आणि नळाचा व्यासही ६० सेंटिमीटर; म्हणून दिसायला दोन्ही सारखेच. पण छेद अडीचपट लहान! तेवढेच पाणी जायचे असेल, तर नळातील वेग अडीचपट हवा. तो मिळण्यासाठी नळाच्या अलीकडे पाण्याची पातळी तितकी चढली पाहिजे. उतार भरपूर असेल तर ती चढेल आणि पाणी जाईलही. नसेल, तर पाणी तुंबेल आणि वरच्या बाजूला काठावरून वाहून जाईल. म्हणजे नळ वाईटच, असा निष्कर्ष काढू नका. निष्कर्ष एवढाच, की जुने माप हाती असते तर वाद पाच मिनिटांत मिटला असता. माप नव्हते, म्हणून ज्याचा आवाज मोठा त्याचे खरे ठरले. ज्या शेतकऱ्याचे शेत शेवटच्या टोकाला असते, त्याचा आवाज बहुधा लहान असतो. मित्रांनो, नोंदवही ही अशा माणसाची साक्षीदार असते.

जुन्या जलसेतूत आणखी एक माहिती दडलेली असते. खालच्या गाळ्यांची संख्या आणि उंची पाहा. बांधणाऱ्याने नाल्याला जास्तीत जास्त किती पूर येईल असे धरले होते, ते त्यावरून कळते. खांबांवर जुन्या पुराच्या खुणाही असू शकतात. जुलै २०२२ मध्ये प्राणहिता आणि गोदावरीला आलेला महापूर सिरोंच्याच्या लोकांनी अनुभवला आहे. पावसाचे मान बदलत असताना ओढ्यानाल्यांच्या पुराची जुनी माहिती मोलाची ठरते. पण पर्जन्यमापक आणि पूरमापक सगळीकडे नसतात. जेथे ते नाहीत, तेथे जुना पूल हीच एक नोंद असते. ती वाचण्याआधीच पुसून टाकणे हे शहाणपणाचे नव्हे.

आता प्रत्यक्ष काम कसे करावयाचे ते पाहू. हत्यारे साधीच आहेत : तीस मीटरची फीत, दोरी, ओळंबा, आलेख-कागद, पेन्सिल आणि छायाचित्रासाठी एक मोबाईल. शिक्षकांना बरोबर घ्या आणि नहरेची देखभाल करणाऱ्या कार्यालयाची परवानगी आधी घ्या. मापे नहर कोरडी असतानाच घ्यावीत. वाहत्या नहरेत उतरू नये, कठड्यावर चढू नये, तडे गेलेल्या कमानीखाली उभे राहू नये. हे नियम मोडून आणलेली नोंद आम्हाला नको.

पहिल्याने जागा लिहा : गाव, नहरेचे नाव, नाल्याचे गावात चालणारे नाव, आणि काठावरच्या दगडावर साखळी क्रमांक असेल तर तोही. मोबाईलवर अक्षांश-रेखांश मिळतात, तेही टिपा. नंतर मापे घ्या : गाळ्याची रुंदी, खांबाची जाडी, पन्हळीची रुंदी व खोली. उंचीसाठी ओळंबा सोडा. तो सोडता येत नसेल, तर सावलीच्या प्रमाणावरून उंची काढा. समरूप त्रिकोण पुस्तकात आहेतच, ते एकदा उन्हातही पाहा. प्रत्येक माप दोघांनी स्वतंत्रपणे घ्यावे. दोघांचे जुळले नाही, तर तिसऱ्याने घ्यावे.

मग आलेख-कागदावर तीन चित्रे काढा : वरून दिसणारे, समोरून दिसणारे आणि मधोमध कापल्यावर दिसेल असे. छायाचित्र काढताना शेजारी मीटरची काठी उभी करा, म्हणजे पाहणाऱ्याला आकार कळेल. बांधकाम दगडाचे की विटेचे, विटेचे माप काय, सांध्यात चुना आहे की सिमेंट, हे लिहा. तडा दिसला तर त्याची लांबी मोजा, जागा चित्रात दाखवा आणि तारीख घाला. पुढच्या वर्षीच्या वर्गाने तोच तडा पुन्हा मोजावा. वाढला असेल, तर ही बातमी कार्यालयाला कळवण्यासारखी आहे.

पाणी सुटल्यावर काठावरून प्रवाह मोजा. नहरेच्या सरळ भागात दहा मीटर अंतर आखा, वरच्या बाजूला लाकडाचा तुकडा टाका आणि तो दहा मीटर जाण्यास किती सेकंद घेतो ते पाहा. तीनदा करून सरासरी काढा. समजा वीस सेकंद लागले. पृष्ठभागाचा वेग सेकंदाला अर्धा मीटर. तळाशी आणि काठाशी घर्षणामुळे पाणी हळू चालते, म्हणून सरासरी वेगासाठी ०.८५ ने गुणा. आलेल्या ०.४२५ ला वरच्या ०.७२ चौरस मीटरने गुणले, की सेकंदाला सुमारे ०.३ घनमीटर, म्हणजे ३०० लिटर पाणी. हाच तो आकडा, जो मला त्या वृद्ध शेतकऱ्याला सांगता आला नाही.

शेवटी माणसांना विचारा. निवृत्त पाटकरी, गवंडी, पाटाच्या टोकाचे शेतकरी यांना बांधकामाचे, दुरुस्तीचे, पुराचे बरेच काही आठवत असते. ते सांगतील तसे लिहा. मात्र मोजलेली गोष्ट आणि ऐकलेली गोष्ट वेगवेगळ्या पानांवर ठेवा.

नोंद झाली, जतनाचे काय? प्रत्येक जुना जलसेतू राखलाच पाहिजे, असे मी म्हणणार नाही. धोकादायक झालेला, शेताचे पाणी अडवणारा पूल बदलावाच लागेल. पण जो धडधाकट आहे, त्याची दुरुस्ती त्याच्या प्रकृतीला मानवेल अशी करावी. जुन्या बांधकामात चुना आणि विटांची भुकटी, म्हणजे सुरखी, वापरलेली असते. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू दगडासारखा होतो. सुरखीमुळे तो ओलाव्यातही घट्ट बसतो. तरीही तो थोडा लवचीक आणि सच्छिद्र राहतो. अशा भिंतीवर कडक सिमेंट थापले, तर आतला ओलावा बाहेर पडू शकत नाही. तो विटेतच अडकतो, त्यातील क्षार तेथेच स्फटिकरूप होतात आणि विटेचा पृष्ठभाग सोलून निघतो. सिमेंट शाबूत आणि मागची वीट पोकळ, असे दृश्य तुम्ही जुन्या भिंतींवर पाहिले असेल. म्हणून जुन्याला जुन्याच जातीचा चुना लावावा.

आणि जेथे नवा पूल अटळ आहे, तेथे जागा असल्यास तो शेजारी बांधावा. गन्नावरम येथे असेच झाले. विसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे जुन्याच्या शेजारी नवा जलसेतू उभारण्यात आला. इंग्लंड-वेल्सकडे टॉमस टेलफर्डने १८०५ मध्ये बांधलेला पाँटकसिल्टे येथील जलसेतू तर आजही पाण्याने भरलेला आहे. त्यातून बोटी जातात आणि २००९ मध्ये त्याचा जागतिक वारशात समावेश झाला. वापर आणि जतन यांत वैर नाही, हे त्यावरून दिसते.

आपल्यासाठीही वाट मोकळी आहे. आंतरराष्ट्रीय सिंचन व निचरा आयोगाचे मुख्यालय दिल्लीत आहे. हा आयोग शंभर वर्षांहून जुन्या सिंचन-कामांना वारसा म्हणून मान्यता देतो. २०१८ मध्ये तेलंगणातील सदरमाट बंधारा आणि पेद्दा चेरुवू तलाव यांना ती मिळाली. आपल्या शंभरी गाठलेल्या तलाव-नहरांची नावे पुढे करावयाची, तर मापे, आराखडे आणि इतिहास जोडावा लागेल. तो कोठून आणणार? तुमच्या नोंदवह्यांतून, असे उत्तर देता आले तर किती बरे होईल!

कोणी म्हणतील, “आराखडे कार्यालयात असतातच.” असतील. परंतु आराखडा काय बांधावयाचे ठरले होते ते सांगतो. आज काय उभे आहे ते सांगत नाही. शिवाय कागदाला वाळवी लागते, कार्यालये जागा बदलतात. नोंदीच्या तीन प्रती करा : एक शाळेत, एक ग्रामपंचायतीत, एक नहरेच्या कार्यालयात. तीन ठिकाणी एकदम वाळवी लागत नाही.

शिक्षकांना माझी विनंती आहे. विज्ञान प्रदर्शनासाठी दरवर्षी पुठ्ठ्याचे धरण करण्यापेक्षा एक वर्ष खऱ्या नहरेकडे मुलांना न्या. भूमिती, भौतिकी, रसायन, भूगोल आणि इतिहास तेथे एकाच कमानीखाली भेटतात. एका शाळेने वर्षाला एक जलसेतू किंवा एक मोरी, एवढेच काम घ्यावे. रेगडीच्या नहरा आज अर्ध्या शतकाच्या आहेत. त्या जुन्या नाहीत, असे म्हणून सोडू नका. असोलामेंढाही एके काळी नवाच होता, आणि तो नवा असतानाच त्याची मापे घेणे सर्वांत सोपे होते.

मित्रांनो, येत्या उन्हाळ्यात नहर कोरडी पडेल. तुमच्या वाटेवरच्या त्या पुलाजवळ जा, फीत लावा आणि पन्हळ किती रुंद आहे ते लिहून ठेवा. उद्या एखाद्या शेतकऱ्याने विचारले, तर तुम्हाला सांगता आले पाहिजे.